गाणारीचे नाव: पार्श्वभूमी

१९०२ साली कोलकात्यात गौहरजानने ग्रामोफोनसाठी गाणे दिले आणि तबकडी संपता संपता इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या छापायला जर्मनीत जात. गायिका कोण हे तिथल्या कारागिरांना कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. तरीही हजारो घरांत एका बाईने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले तिचे नाव पोचले, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच काळात मराठी रंगभूमीवर मात्र बाईचे सोंगही पुरुषच आणत होता. भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणजे बालगंधर्व. त्यांची लुगडी, दागिने, अंबाड्यातला गजरा पाहून घरंदाज बायका नटत. फाळक्यांनी १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधत वेश्यावस्तीही पालथी घातली, कोणी तयार होईना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. गाण्या-अभिनयावर पोट भरणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहत होता, ते यावरून कळते.

पोटासाठी नव्हे, तर काम हलके व्हावे म्हणून गाणाऱ्या बायका त्याहून कितीतरी जास्त होत्या. पहाटेच्या जात्यावर रचलेल्या ओव्यांना ना मोबदला होता ना श्रोता. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वाचले आणि गाण्याची ती जागाही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ या संशोधकांनी पुढे लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांच्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. मला हे काम फार मोलाचे वाटते.

शास्त्रीय गायिका हिराबाई बडोदेकरांनी बैठकच बदलली. हावभाव नाहीत, अदा नाही. अंगभर पदर, मागे तानपुरे आणि ख्याल. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्या होत्या. विसाच्या दशकाच्या अखेरीस भावंडांसह नाटकात उतरून सुभद्राही त्यांनी स्वतः केली. पण मान एका पिढीत मिळाला नाही. मोगूबाई कुर्डीकरांना मैफलीसाठी तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा लागे, हे त्यांची मुलगी, गायिका किशोरीताई आमोणकर पुढे सांगत. आयोजकांशी किशोरीताई इतक्या कडक का वागत, ते अशा वेळी उमगते.

सिनेमाने आवाज घेतला, नाव देताना हात आखडला. १९४९च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव. आवाज कोणाचा, अशी विचारणा श्रोत्यांनी रेडिओकडे केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. पार्श्वगायनाला फिल्मफेअर नाही म्हणून त्या समारंभात त्यांनी गायला नकार दिला. १९५९ साली तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला.

चाल बांधणे ही तर पुरुषांचीच मिरास. बॉम्बे टॉकीज या चित्रसंस्थेच्या संगीतकार सरस्वतीदेवी मूळच्या खुर्शीद होमजी. पारशी घरातली मुलगी सिनेमात गेली म्हणून समाज खवळला, तेव्हा त्यांनी हे नाव घेतले. लताबाईंनीही साठच्या दशकात मराठी चित्रपटांना संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने. १९६५च्या ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदघन म्हणजे कोण ते जाहीर झाले. त्यातले ‘ऐरणीच्या देवा’ हे लोहाराच्या भट्टीवरचे गाणे. घणाच्या ठोक्यांवर चाल उभी आहे आणि मागणे बाईच्या तोंडी आहे. कष्टकरी संसाराचे गाणे बाईनेच बांधले, बाईनेच गायले, आणि संगीतकाराच्या जागी पुरुषी वाटणारे नाव होते.

उषा खन्ना मात्र १९५९च्या ‘दिल देके देखो’पासून स्वतःच्याच नावाने चाली देत राहिल्या, तीही अनेक दशके. फिल्मफेअरचा संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार एका संगीतकार स्त्रीला मिळायला मात्र २०२२ उजाडले. ‘शेरशाह’साठी तो जसलीन रॉयल यांना मिळाला, चित्रपटाच्या इतर संगीतकारांबरोबर विभागून.