बँकेने कापलेले पैसे आणि दिलेली हमी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हिशेबासाठी आमच्याकडे म्हापसा-डिचोलीकडच्या दुकानदारांची पासबुके येतात. त्यांत तीन नोंदी हमखास सापडतात: एसएमएसचे 17.70 रुपये, किमान शिल्लक नसल्याचा दंड आणि कुठल्यातरी ‘कार्ड सुरक्षा योजने’चा वार्षिक हप्ता. हप्ता कसला म्हणून विचारावे, तर खातेदारालाच पत्ता नसतो. खाते उघडताना ढीगभर सह्या केल्या, त्यातच तीही गेली असणार.

17.70 म्हणजे 15 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापरानुसार घ्या, असे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सांगितले आहे. तेव्हा दर तिमाहीला तोच आकडा दिसला तर शाखेत लेखी विचारा. दंडाचेही तसेच. बचत खात्यावर तो लावण्याआधी कळवून महिनाभर मुदत द्यावी लागते आणि नुसत्या दंडापायी खाते उणे करता येत नाही. करंट खात्याला मात्र ही सवलत नाही.

आता फसवणूक. जाहिरातीत ‘तुमचा पैसा पूर्ण सुरक्षित’ असते. खरा आधार रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा. ओटीपी तुम्ही दिला नाही, चूक बँकेचीही नाही, तरी पैसे गेले, तर बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवल्यास नुकसान तुमच्या माथी येत नाही. 4 ते 7 दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांची झळ. दिवस तुमच्या मूळ शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजतात, त्यामुळे 3 डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची सुट्टी धरायची नाही. पण म्हणून थांबू नका: आधी बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. क्रेडिट सोसायटी ही बँक नव्हे. तिथे हे परिपत्रक लागू नाही.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही. न सांगता विकलेली योजना किंवा हमी देऊन झटकलेले हात, अशा प्रकरणी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्याला वेगवेगळे आयोग आहेत. बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील हवाच असे नाही. दुकानाच्या खात्याबाबत बँक ‘हा व्यापारी वापर’ असा आक्षेप घेते. दुकान तुम्ही स्वतः राबून पोटापाण्यासाठी चालवता, हे तक्रारीतच लिहा. मुदत 2 वर्षांची, आणि ती शाखेत फेऱ्या मारण्यातच सरते, असा आमचा अनुभव.

आम्ही वकील नाही. खात्याचा उतारा तपासून कापलेल्या रकमांचा तारीखवार तक्ता आणि शाखेला द्यायचे पत्र तयार करून देतो. येताना पासबुक, मोबाइलवरचे न पुसलेले संदेश आणि खाते उघडताना मिळालेले कागद आणा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख मात्र तुम्हीच घ्यायची आहे.