ट्रान्झिस्टर तपासायचा, तर कामाला लावून

जुन्या सर्किटमधून काढलेला ट्रान्झिस्टर शाबूत आहे की गेलेला, हे नुसतं बघून कळत नाही. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर त्याची दोन्ही जंक्शनं (आतले सांधे) तपासता येतात. पण बेस, कलेक्टर, एमिटर या तीन पायांपैकी बेसच्या किरकोळ प्रवाहावर तो कलेक्टरचा मोठा प्रवाह चालवतो का, हे त्यातून समजत नाही. खरं काम तर तेच.

सामान थोडंच लागतं: दीड व्होल्टचे तीन सेल, लाल एलईडी, २२० ओहम आणि ४७ किलोओहमचे रेझिस्टर, एक पुश बटण. बीसी५४७ सारख्या एनपीएन प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला जोडायचा. धन टोकापासून एक वाट २२० ओहम आणि एलईडीमधून कलेक्टरला, दुसरी बटण आणि ४७ किलोओहममधून बेसला.

बटण दाबलं की बेसमध्ये जेमतेम ०.०८ मिलिअँपिअर जातो. गेन, म्हणजे बेसच्या प्रवाहाच्या किती पट कलेक्टरचा प्रवाह, १०० असेल, तर कलेक्टरमधून ८ मिलिअँपिअर वाहतो आणि एलईडी चांगला उजळतो. बटण सोडलं की विझतो. न दाबताच लख्ख पेटला, तर कलेक्टर-एमिटर शॉर्ट आहे. जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर मात्र गळतीमुळे (आपोआप झिरपणाऱ्या प्रवाहामुळे) एलईडी अंधुक पेटवू शकतो, तो दोष धरू नये. दाबूनही अंधारच राहिला, तर ट्रान्झिस्टर गेलाय, किंवा मुळात पीएनपी, म्हणजे उलट दिशेच्या प्रवाहावर चालणारा प्रकार आहे. पीएनपीसाठी बॅटरी आणि एलईडी, दोन्ही उलटे जोडायचे.

बटण दाबून एलईडी मंद पेटला, तर ट्रान्झिस्टर फेकायची घाई नको. कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली तरी तो चालतो, पण गेन फारच कमी मिळतो. बीसी५४७ ची सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. इतर नंबरांत तो बदलतो, म्हणून आधी डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) बघावी. पाय चुकण्याच्या याच शक्यतेमुळे मी ९ व्होल्टची बॅटरी टाळतो. एमिटर-बेस जंक्शन उलट्या दिशेने ५-६ व्होल्टच सोसतं. त्यापुढे ते प्रवाह सोडू लागतं आणि एलईडी भलतंच सांगतो.

याच जोडणीत बेसच्या जागी गेट, कलेक्टरच्या जागी ड्रेन आणि एमिटरच्या जागी सोर्स लावून एन-चॅनल मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर) तपासला, तर बटण सोडल्यावरही एलईडी पेटलेलाच राहतो. गेटवर साठलेला विद्युतभार जायला वाटच नसते. गेट आणि सोर्स तारेने क्षणभर जोडले की तो विझतो.