घशासाठी चघळायच्या औषधी गोळ्या

घसा खवखवणे किंवा आवंढा गिळताना दुखणे यांवर तात्पुरता आराम मिळावा म्हणून तोंडात धरून सावकाश विरघळू द्यायची गोळी. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती सहज मिळते. मेंथॉलची तर किराणा दुकानात आणि पानपट्टीवरही. रंगामुळे आणि गोडव्यामुळे ती पेपरमिंटसारखी भासते, आणि तिच्या गैरवापराचे मूळ बहुधा इथेच असते.

चोखताना लाळ सुटते आणि सुजलेली अंतस्त्वचा ओली राहते. आरामाचा बराच भाग एवढ्यानेच मिळतो; खडीसाखर किंवा ज्येष्ठमधाची कांडी चघळून बरे वाटते तेही काहीसे याचमुळे. (ज्येष्ठमध मात्र रोज भरपूर खाल्ल्यास रक्तदाब वाढवतो.) गोळी चावली किंवा पाण्याबरोबर गिळली, तर औषध घशाशी टिकत नाही.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात, म्हणून पाकिटावरचे घटक वाचावेत. मेंथॉल थंडावा भासवते. अमाइलमेटाक्रेसॉल (०.६ मिग्रॅ.) व डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल (१.२ मिग्रॅ.) ही प्रचलित जोडी सौम्य जंतुनाशक आहे. बेंझोकेन घसा बधिर करते. बधिरपणा असेपर्यंत गरम चहा घेऊ नये, तोंड भाजले तरी कळत नाही. क्वचित बेंझोकेनने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि ओठ-नखे निळसर पडतात, तेव्हा लगेच रुग्णालयात जावे लागते. फ्लर्बिप्रोफेन (८.७५ मिग्रॅ.) हे तर आयब्युप्रोफेनच्या जातीचे खरेखुरे वेदनाशामक: वय किमान १२ वर्षे, २४ तासांत जास्तीत जास्त ५ गोळ्या, तेही ३ दिवसच. पोटात अल्सर असलेल्यांनी, अ‍ॅस्पिरिनने दमा उठणाऱ्यांनी आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते टाळावे. अंगदुखीसाठी याच जातीचे डायक्लोफेनॅक चालू असेल, तर ही गोळी त्यात भरच घालते, हे सहसा लक्षात येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत पहिला धोका औषधाचा नव्हे, गोळी श्वासनलिकेत अडकण्याचा. पाच-सहा वर्षांखालील मुलांना ती देऊ नये. मोठ्यांनीही तोंडात गोळी ठेवून झोपू नये. मधुमेहींनी साखरविरहित गोळी घ्यावी, पण तिच्यातील सॉर्बिटॉलसारख्या पदार्थांनी अतिसेवनात जुलाब होतात.

घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि आठवडाभरात आपोआप ओसरते. स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा घसा वेगळा. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत तो अधिक आढळतो. वेळीच प्रतिजैविक न मिळाल्यास पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. चघळायच्या गोळ्या हे टाळू शकत नाहीत, उलट दुखणे दबल्याने तपासणी लांबते. ताप, मानेत दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, पण खोकला-सर्दी नाही, असे दिसल्यास डॉक्टरांना घसा दाखवावा. स्वतःची लाळही गिळता येत नसेल किंवा श्वास घेताना घरघर होत असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.