रुग्णाचे म्हणणे आणि त्याचा वर्ण : अमेरिकी आरोग्यसेवेतील विषमतेची पार्श्वभूमी

अमेरिकेत रुग्णालयातून घरी गेलेल्या अनेक रुग्णांना एक प्रश्नावली येते. नर्सने तुमचे म्हणणे नीट ऐकले का, डॉक्टर आदराने वागले का, नवे औषध कशासाठी आहे ते सांगितले का, बेल दाबल्यावर कोणी लगेच आले का, असे तिचे प्रश्न असतात. २००८ पासून या उत्तरांचे रुग्णालयवार निकाल सर्वांना पाहता येतात. उत्तरे वंशानुसार वेगळी काढली की दरी दिसते, पण ती सरळ वाचता येत नाही. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, रुग्णांचा कल बऱ्याचदा दहापैकी दहा देऊन मोकळे होण्याकडे असतो, तर आशियाई वंशाचे रुग्ण टोकाचे उत्तर टाळतात. दरीचा बराचसा भाग एकाच रुग्णालयातील वागणुकीतून आलेला नसतो. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्ण मुळातच कमी गुण मिळवणाऱ्या रुग्णालयांत जास्त संख्येने जातात, हेही तिचे मोठे कारण आहे. ते तिथेच का जातात, हे समजण्यासाठी मागे जावे लागते.

१९४६ मध्ये हिल-बर्टन कायदा झाला आणि केंद्र सरकारच्या पैशातून देशभर रुग्णालये उभी राहिली. त्या कायद्यातच ‘वेगळे पण समान’ सोयींना परवानगी होती. म्हणजे कर सगळ्यांनी भरायचा, पण इमारतीच्या दारात वर्ण पाहिला जायचा. कृष्णवर्णीयांसाठी तळघरातला किंवा मागच्या बाजूचा वॉर्ड असे, नाहीतर गावातले वेगळे, गर्दीने भरलेले रुग्णालय. दुसऱ्या महायुद्धात रेड क्रॉसने रक्तदात्यांचे रक्तसुद्धा वर्णानुसार वेगळे ठेवले होते. ही पद्धत १९५० मध्ये थांबली.

नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो शहरात जॉर्ज सिमकिन्स नावाचे कृष्णवर्णीय दंतवैद्य होते. त्यांच्या एका रुग्णाच्या दाढेत पू झाला होता, चेहरा सुजला होता, अंगात ताप होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले नाही, आणि कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात जागा नव्हती. सिमकिन्स यांनी इतर डॉक्टर, दंतवैद्य आणि रुग्णांना बरोबर घेऊन १९६२ मध्ये दावा लावला. सरकारी पैसा घेतला की भेदभाव करता येणार नाही, असा निकाल १९६३ मध्ये अपील न्यायालयाने दिला. पुढच्याच वर्षी नागरी हक्क कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला वर्णावरून भेद करण्यास त्याने बंदी घातली.

कायदा कागदावर राहिला असता, पण १९६६ मध्ये ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना सुरू झाली आणि रुग्णालयांना तिचा पैसा हवा होता. भेदभाव बंद केल्याशिवाय तो मिळणार नव्हता. तपासनीस दक्षिणेतल्या गावोगावी गेले. काही ठिकाणी पाहणीच्या दिवसापुरते कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्यांच्या वॉर्डात हलवले जात आणि तपासनिसांची पाठ वळताच परत पाठवले जात. ही बातमी तपासनिसांपर्यंत पोहोचवली ती तिथल्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी, नोकरी पणाला लावून. काही महिन्यांतच हजाराच्या आसपास रुग्णालयांनी वॉर्ड एकत्र केले. अमेरिकेच्या आरोग्य-इतिहासात इतका झपाट्याने झालेला बदल क्वचितच सापडेल, आणि तो पैशाच्या अटीमुळे झाला, हे विसरून चालणार नाही.

मात्र त्या अटीत एक पळवाट ठेवली होती. मेडिकेअरकडून डॉक्टरांना मिळणारे शुल्क म्हणजे ‘सरकारी मदत’ नव्हे, असा अर्थ लावला गेला. परिणामी केवळ त्या शुल्कामुळे एखाद्या खासगी डॉक्टरला ही बंदी लागू होत नसे. हा अर्थ बदलायला २०२४ साल उजाडले.

कृष्णवर्णीय डॉक्टरांकडे जावे, तर तेही मोजकेच होते. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी वैद्यकीय शिक्षणावर अहवाल लिहिला. तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. त्यांतली हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकवण्याजोगी आहेत असे त्यांनी म्हटले आणि बाकीची पाच पुढच्या काही वर्षांत बंद पडली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अनेक स्थानिक शाखा कृष्णवर्णीय डॉक्टरांना सदस्यत्व देत नसत, आणि त्याविना रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचा अधिकारही सहसा मिळत नसे. असोसिएशनने याबद्दल माफी मागितली ती २००८ मध्ये.

दारापाशी अडवण्याचा इतिहास हा असा. खाटेपर्यंत पोहोचलेल्या रुग्णाच्या शब्दाला किती किंमत मिळते, याचा इतिहास त्याहून जुना आहे आणि माझ्या मते जास्त चिवटही. अलाबामात १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्स यांनी बाळंतपणात झालेल्या जखमांवरची शस्त्रक्रिया विकसित केली, ती गुलाम स्त्रियांच्या शरीरावर आणि भूल न देता. त्यांपैकी अ‍ॅनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीन नावे आपल्याला ठाऊक आहेत. एकट्या अ‍ॅनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली. काळ्या माणसाला वेदना कमी जाणवतात, ही समजूत त्या काळी गुलामांच्या मालकांना सोयीची होती आणि वैद्यकाने तिला शास्त्राचा शिक्का दिला.

तो शिक्का पुसला गेला असे म्हणवत नाही. लॉस एंजलिसमधील एका अपघात विभागातल्या हाडमोडीच्या रुग्णांवरचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५५ टक्के लॅटिनो रुग्णांना एकही वेदनाशामक दिलेले नव्हते. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण २६ टक्के होते. हाड सारखेच मोडले होते. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधाने दिली. कृष्णवर्णीयांची त्वचा जास्त जाड असते, यांसारख्या खोट्या विधानांपैकी किमान एक तरी सुमारे निम्म्या जणांना खरे वाटले. ज्यांना अशी विधाने खरी वाटली, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी धरली आणि त्यांचा उपचाराचा सल्लाही कमी अचूक ठरला.

उपकरणेही यातून सुटलेली नाहीत. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल २०२० मध्ये दिसले की, यंत्र ९२ ते ९६ टक्के ऑक्सिजन दाखवत असताना रक्तात तो धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. कोविडच्या त्या वर्षात ‘मला श्वास घेता येत नाही’ म्हणणाऱ्याला यंत्राकडे बोट दाखवून गप्प करणे किती सोपे झाले असेल!

भाषेचा प्रश्न वर्णाच्या जोडीला येतो. लॉस एंजलिसमध्ये मेक्सिकन वंशाच्या दहा स्त्रियांनी १९७५ मध्ये दावा लावला. प्रसूतीच्या कळा सोसत असताना आपल्यापुढे इंग्रजी संमतिपत्रे ठेवली गेली आणि आपली नसबंदी करण्यात आली, अशी त्यांची तक्रार होती. १९७८ मध्ये त्या हरल्या. न्यायाधीशांनी याला संवादातला गोंधळ ठरवले. मूळनिवासी स्त्रियांच्या बाबतीत १९७६ च्या सरकारी लेखापरीक्षणात आढळले की, मूळनिवासींसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेच्या १२ पैकी केवळ चार विभागांत १९७३ ते १९७६ दरम्यान ३,४०६ नसबंद्या झाल्या होत्या आणि संमतिपत्रे नियमांना धरून नव्हती. दुभाषा हा उपकार नसून हक्क आहे, ही भूमिका पुढे हळूहळू रुजली. आईच्या आजाराचे निदान तिला शाळकरी मुलाच्या तोंडून ऐकवू नये, असा स्पष्ट केंद्रीय नियम व्हायला २०१६ उजाडले.

या सगळ्याचा उल्लेख होताना चर्चा हमखास अलाबामातील टस्कीगीपाशी येते. तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर फक्त नजर ठेवली. पेनिसिलीन सर्रास मिळू लागल्यावरही उपचार केले नाहीत. हा गुन्हा विसरता कामा नये. पण ‘टस्कीगीमुळे त्यांचा डॉक्टरांवर विश्वास नाही’ हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. त्यात दोष अलगद रुग्णाच्या मनात जाऊन बसतो आणि प्रकरण जुने होऊन जाते. २०२० च्या डिसेंबरमध्ये इंडियानातील एका कृष्णवर्णीय महिला डॉक्टरने कोविडच्या खाटेवरून चित्रफीत प्रसिद्ध केली. आपल्या वेदनेकडे दुर्लक्ष होते आहे, आपण गोऱ्या असतो तर हे झाले नसते, असे तिने सांगितले. काही दिवसांत ती गेली. तिच्याकडे विमा होता, भाषा होती, वैद्यकाचे शिक्षण होते. तिचा अविश्वास त्याच आठवड्यातल्या अनुभवातून आला होता.

केंद्रीय आरोग्य खात्याने ही विषमता प्रथम ठळकपणे मोजली ती १९८५ मध्ये. सचिव मार्गारेट हेकलर यांच्या अहवालाने अल्पसंख्याकांमध्ये दरवर्षी सुमारे ६०,००० जादा मृत्यू होतात असे सांगितले. पण त्यात मोजले होते मृत्यू. विमा आणि उत्पन्न सारखे असले तरी उपचारांत वंशानुसार फरक पडतो, हे इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अनेक अभ्यास तपासून मांडले ते २००२ मध्ये. रुग्णाला स्वतःला काय वाटले, हे देशभर एकाच साच्यात विचारणे त्यानंतर सुरू झाले, आणि तिथेही सगळ्यांना सारखे विचारले गेले नाही. प्रश्नावलीचा अधिकृत स्पॅनिश अनुवाद सुरुवातीपासून उपलब्ध होता, पण स्पॅनिश पसंत करणाऱ्या रुग्णाला तो दिलाच पाहिजे, हे बंधन रुग्णालयांवर आले जानेवारी २०२५ पासून. इतर भाषांतले अनुवाद वापरायचे की नाही, हे आजही रुग्णालय ठरवते.