पुण्यात घर बांधताना: झोन दाखला, परवानगी आणि मार्जिनची सवलत

बांधकाम परवानगीच्या कामासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक जण घराचं चित्र घेऊनच येतात. किचन कुठे, देवघर कुठल्या दिशेला, गच्चीवर काय, सगळं ठरलेलं असतं. मी विचारतो, "झोन दाखला काढलाय का?" तर उत्तर येतं, "तो नंतर काढू ना, आधी नकाशा तर होऊ द्या." इथेच पैसे आणि महिने वाया जातात. जागेवर काय चालतं हे कळल्याशिवाय काढलेला नकाशा पुन्हा काढावा लागतो, आणि फीही पुन्हा द्यावी लागते.

सगळ्यात आधी आपली जागा कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि खडकी, पुणे, देहूरोड ही कॅन्टोन्मेंट बोर्डं, सगळ्यांची कार्यालयं वेगळी. उपनगरांत हा गोंधळ जास्त होतो, कारण हद्द सारखी बदलत गेली. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. पहिल्या ११ मधली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये पुन्हा बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. नियमांचं पुस्तक मात्र महापालिकेत आणि पीएमआरडीएत एकच आहे: डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. कार्यालयात सगळे तिला 'युडीसीपीआर' म्हणतात. तिच्या मागे कायदा आहे १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम.

आता झोन दाखला आणि भाग नकाशा. दाखल्यावर तुमच्या सर्व्हे नंबरचा झोन, म्हणजे जागा निवासी, शेती की आणखी कशासाठी आहे, ते लिहिलेलं असतं. भाग नकाशावर विकास आराखड्यातले रस्ते आणि आरक्षणं तुमच्या जागेवर कुठे पडतात ते दिसतं. दोन्ही एकत्र वाचा. 'निवासी' हा शब्द वाचून लोक खूश होतात आणि खालची रस्त्याची रेघ बघतच नाहीत. पुण्यात काही गोष्टी मुद्दाम तपासायला हव्यात. टेकडीच्या बाजूला असाल तर बीडीपी (जैवविविधता उद्यानासाठी राखलेल्या टेकड्या) आणि डोंगरउतार. एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. मुठेच्या कडेला असाल तर जलसंपदा विभागाच्या पूररेषा: नदीजवळची निळी, आणि त्याहून मोठ्या पुराची लाल. नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवं घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस यांच्याजवळ असाल तर पुरातत्त्वाचा केंद्रीय कायदा लागतो: १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ना-हरकत घेऊनच. लोहगाव भागात संरक्षण खात्याकडून उंचीची ना-हरकत लागते.

रस्ता किती रुंद आहे ते टेप लावून मोजा. जुन्या सोसायट्यांत सहा मीटरचे रस्ते खूप. नऊ मीटरपेक्षा कमी रस्त्यावर, दाट वस्तीबाहेर, मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१० मिळतो, त्यावर प्रीमियमचा, म्हणजे जादा शुल्क भरून मिळणारा एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. बिल्डरने कितीही आश्वासन दिलं तरी हा हिशोब आधी स्वतः करा. पेठांसारख्या दाट वस्तीत अशा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय १.५० आहे, तिथले नियमही निराळे.

कागदपत्रांत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, झोन दाखला, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याचं नेमणूक पत्र, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, मिळकतकराची पावती हे लागतंच. झाड तोडायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, उंच इमारतीला अग्निशमनची ना-हरकत. अर्ज ऑनलाइन भरला जातो, तोही आर्किटेक्टच्या लॉगिनमधून. म्हणून पोच पावती आणि अर्ज क्रमांक स्वतःकडे मागून घ्या.

मोजणीला कमी लेखू नका. गेल्या वर्षी कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याचं काम केलं. प्रॉपर्टी कार्डावर १८६ चौरस मीटर, मोजणीत निघाले १८१.४. अशा वेळी कमी असलेलं क्षेत्र धरतात. वर एक मजला वाढवायचा होता, त्यातून सुमारे पाच चौरस मीटर गेले. त्या घरच्या धाकट्या सुनेने टेबलावरच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे मुलीच्या खोलीतलं कपाटच गेलं की." मोजणी आधी झाली असती तर ती खोली पहिल्यापासून वेगळी आखता आली असती.

याच घराला सवलतही लागली. ऐंशीच्या दशकातला मंजूर बंगला, वीटबांधणीचा. आजोबांना जिना चढवत नव्हता, म्हणून लिफ्ट हवी होती. आत भिंती फोडल्या तर घरच धोक्यात येणार, म्हणून लिफ्ट बाहेर काढली. मग बाजूचं मार्जिन, म्हणजे घर आणि हद्द यांमधलं मोकळं अंतर, नियमापेक्षा ३८ सेंटिमीटरने कमी पडलं. युडीसीपीआरमध्ये अशा खऱ्या अडचणीसाठी आयुक्तांना विशेष अधिकार आहेत. आरोग्य, आग, इमारतीची मजबुती आणि लोकांची सुरक्षितता यांना बाधा येत नसेल, तर मापात सूट देता येते. त्यासाठी प्रीमियम भरावा लागतो आणि अटीही घातल्या जातात.

पण तीन गोष्टींत, नियमावलीत वेगळी तरतूद नसेल तर, कुठल्याही परिस्थितीत सूट नाही: रस्त्याकडचं मार्जिन, एफएसआय आणि पार्किंग. त्या कुटुंबाला पुढची बाल्कनी बंद करून बैठक वाढवायचीही इच्छा होती. ती मी अर्जात लिहिलीच नाही. एका पत्रात खरी अडचण आणि हौस एकत्र घातली की खरी अडचणसुद्धा हौसच वाटू लागते. अर्जात आम्ही जुना मंजूर नकाशा, भिंतींबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, आजोबांचा वैद्यकीय दाखला, लिफ्टच्या जागेचे मापांसह फोटो आणि शेजाऱ्यांचं संमतीपत्र जोडलं. शेजाऱ्यांचं पत्र कोणी मागितलं नव्हतं. पण मार्जिन त्यांच्याच खिडकीसमोर कमी होणार होतं, त्यांना विचारणं मला योग्य वाटलं. लिफ्टची सवलत मिळाली.

झोनच बदलून हवा असेल तर तो महापालिकेच्या काउंटरवर मिळत नाही. विकास आराखड्यातला फेरबदल १९६६ च्या त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि अंतिम मंजुरी राज्य शासनाची. "झोन करून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

छोट्या भूखंडांना बरीच सोय झाली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आराखडा देऊन शुल्क भरलं की त्याची पोचच परवानगी समजली जाते. १५० ते ३०० मध्ये १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. हे माप भूखंडाचं, बांधकामाचं नव्हे. आणि नियम माफ होत नाहीत, फक्त वाट जवळची होते. गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी पाडलेल्या भूखंडांवरची, जुनी घरं नियमित करण्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लाभ दिला. बीडीपी, नदीपात्र, आरक्षण यांवर मात्र ते दार बंद आहे.

शुल्क रेडीरेकनरवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी दरांवर ठरतं, म्हणून शेजारच्याचा आकडा तुम्हाला लागू पडत नाही. त्यात कामगार कल्याण उपकर एक टक्का धरा. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च कायद्यातल्या मर्यादेच्या आत असेल तर तो लागत नाही.

६० दिवसांत निर्णय आला नाही तर १९६६ च्या कायद्यात मानीव परवानगी, म्हणजे मिळालीच असं धरलेली परवानगी आहे, पण नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. तिच्या भरवशावर जोतं खोदू नका, आधी लेखी स्मरणपत्र द्या. परवानगी नाकारली तर ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं, म्हणून नकाराचं पत्र मिळाल्याची तारीख जपा. परवानगी एक वर्षाची असते. दरवर्षी मुदतवाढ घेऊन आणखी तीन वर्षं ती टिकते. तेवढ्यात जोतंही झालं नाही तर नवा अर्ज.

जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्या, मगच वर चढा. काम संपल्यावर भोगवटा पत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी. कोथरूडच्या घरी सगळं झालं होतं, पण उद्वाहन निरीक्षकांचा लिफ्टचा परवाना हातात येईपर्यंत मी भोगवट्याचा अर्ज भरला नाही. तो आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल लावली.