पूर शोधला, सापडलं पंढरपूर

आमच्या भागातल्या एका वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांची सूची संगणकावर आहे. तिच्यात शोधण्यासाठीचा छोटा प्रोग्राम मीच लिहून दिला होता. पावसाळ्यात कॉलेजची एक मुलगी प्रकल्पासाठी तिथे आली. सीना आणि भीमेच्या पुरांवरची कात्रणं तिला हवी होती. तिने चौकटीत 'पूर' टाइप केलं आणि दोन मिनिटांत मला हाक मारली, "सर, हे नुसती गावंच दाखवायलंय."

खरंच होतं ते. सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर, नागपूर. त्याखाली कपूर घराण्यातले नट, आरतीचा कापूर, शहराचा पूर्व भाग, कुठल्याशा अधिवेशनाचं पूर्ण वृत्त. या सगळ्यांत प, दीर्घ ऊकार आणि र एकापुढे एक येतात, म्हणून सगळे हजर. 'पुरात बैलजोडी वाहून गेली' आणि 'पुराच्या पाण्याने रस्ता बंद' ही कात्रणं मात्र गायब, कारण तिथे पू चा पु झालेला. नको ते सगळं आलं, हवं ते एकही नाही. चूक माझ्या प्रोग्रामची होती आणि ती समजावून सांगताना मला जो आनंद झाला तो या लेखात उतरवतो आहे.

पुष्कळ लोकांना वाटतं की संगणक भयंकर वेगवान असल्यामुळे आपण शोध दिला की तो क्षणात सगळा मजकूर वाचून काढतो. माझा पहिला प्रोग्राम तेच करत होता. डेटाबेसला, म्हणजे संगणकावर नीट लावून ठेवलेल्या नोंदींच्या साठ्याला, प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेत 'लाइक' नावाची सोय आहे. मागे-पुढे काहीही असो, मधे 'पूर' असेल ती ओळ दे, असं तिला सांगता येतं. ती इमानेइतबारे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर अन् अक्षर तपासते. काही हजार नोंदी असतील तोवर कळत नाही. काही कोटी झाल्या की माणूस चहा पिऊन परत येतो.

डेटाबेसला साधी अनुक्रमणिका नसते का? असते, आणि फार सुंदर असते. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७० च्या सुमारास बोइंग कंपनीत असताना बी-ट्री नावाची रचना काढली. आजही बहुतेक डेटाबेसांची अनुक्रमणिका तिच्यावरच चालते. पण ती अभंगाच्या गाथेमागच्या अकारविल्हे सूचीसारखी आहे. अभंगाचा पहिला शब्द आठवत असेल तर लगेच पान सापडतं. तिसऱ्या चरणातला एखादाच शब्द आठवत असेल तर ती सूची निरुपयोगी, गाथा पहिल्या पानापासून चाळावी लागते. 'पूर'ने सुरू होणारं शोधायला बी-ट्री उत्तम. मधे कुठेतरी 'पूर' असलेलं शोधायला तिचा उपयोग नाही.

याचं मूळ आणखी खोल आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. माहिती टेबलांत ठेवायची आणि प्रत्येक चौकटीतलं मूल्य अखंड मानायचं. पगाराच्या रकान्यात एक आकडा, नावाच्या रकान्यात एक नाव. पण कात्रणाच्या रकान्यात दोनशे शब्दांची बातमी असली तरी डेटाबेस तिला एकच मोहोरबंद मूल्य समजतो. आत काय आहे हे त्याच्या हिशेबातच नाही. ते मोहोरबंद पाकीट फोडून आतले शब्द मोकळे करणं म्हणजे फुल-टेक्स्ट सर्च.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कुठल्याही जुन्या कापड दुकानात दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे लिहायचे. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं खातं आणि त्यात रोजकीर्दीच्या पानांचे नंबर. एखाद्या गिऱ्हाइकाची बाकी किती, हे बघायला कोणी वर्षभराची रोजकीर्द वाचत नाही. खतावणीत त्याचं खातं उघडायचं, झालं. डेटाबेसचं टेबल ही रोजकीर्द. फुल-टेक्स्ट सर्च तिच्यावरून खतावणी तयार करतो, फक्त खातं माणसाच्या नावाने नसून शब्दाच्या नावाने असतं. 'पूर' या खात्यात, हा शब्द ज्या ज्या नोंदीत आहे त्यांचे क्रमांक. याला उलटी सूची म्हणतात: नोंदीत कोणते शब्द, असं न विचारता शब्द कोणत्या नोंदींत, असं विचारायचं. तेराव्या शतकात पॅरिसमधल्या डोमिनिकन साधूंनी बायबलची अशी सूची हाताने केली होती. कल्पना इतकी जुनी आहे.

म्हणजे शोधण्याची खरी मेहनत आपण शोध द्यायच्या कितीतरी आधी, नोंद लिहिली जाते त्या क्षणी होऊन गेलेली असते.

शोधात दोन शब्द असले की गंमत वाढते. समजा 'पूर' या खात्यात ४, ९, १७, ३१, ५८, ९० हे क्रमांक आहेत आणि 'सीना' या खात्यात ९, २२, ५८, ६१. दोन्ही शब्द असलेली नोंद कोणती? दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत, सगळी किमया त्यातच आहे. पहिल्या यादीवर डावं बोट ठेवा, दुसरीवर उजवं. ज्या बोटाखालचा आकडा लहान ते पुढे सरकवा. ४ आणि ९: डावं सरकलं. ९ आणि ९: जुळलं, टिपून घ्या, दोन्ही सरकवा. १७ आणि २२: डावं. ३१ आणि २२: उजवं. ३१ आणि ५८: डावं. ५८ आणि ५८: जुळलं. ९० आणि ६१: उजवं, आणि यादी संपली. सात तुलनांत उत्तर मिळालं. प्रत्येक आकडा प्रत्येकाशी ताडून पाहिला असता तर सहा चोक चोवीस. बोटं मागे कधीच येत नाहीत. हे पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं तेव्हा मला झोप लागली नव्हती.

एक यादी तीनच आकड्यांची आणि दुसरी वीस हजारांची असेल तर? मग लहान यादीतला एकेक आकडा घेऊन मोठ्या यादीत उड्या मारायच्या. शब्दकोश मधोमध उघडतो तसं अर्धं-अर्धं करत गेलं तर वीस हजारांत पंधरा उड्यांत जागा सापडते. तीन आकड्यांना पंचेचाळीस उड्या.

आणि या याद्या ठेवायच्या कशा? पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस टेबल ८ किलोबाइटच्या पानांत साठवतो आणि प्रत्येक ओळीचा पत्ता ६ बाइटमध्ये लिहितो: ४ बाइट पानाचा क्रमांक, २ बाइट पानावरची जागा. थेट खतावणीतलं पान आणि ओळ! पण वारंवार येणाऱ्या शब्दाच्या खात्यात असे लाखो पत्ते असू शकतात. म्हणून २०१४ मध्ये आलेल्या ९.४ या आवृत्तीपासून त्याच्या 'जिन' नावाच्या सूचीत पत्ता न लिहिता आधीच्या पत्त्यापासूनचं अंतर लिहितात. ५८०००, ५८००३, ५८०१०, ५८११० असं न लिहिता ५८०००, आणि पुढे ३, ७, १००. लहान आकड्याला जागा कमी लागते. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या आठ जागा. त्यातले सात आकड्यासाठी, आठवा एवढंच सांगतो की आकडा इथेच संपला की पुढच्या बाइटमध्ये चालू आहे. म्हणजे १२७ पर्यंतचं अंतर एका बाइटमध्ये बसतं. ३०० साठी दोन लागतात: पहिल्यात ४४, दुसऱ्यात २, कारण २ × १२८ + ४४ = ३००. याची किंमत अशी की मधूनच उडी मारता येत नाही, कारण मधला '७' नुसता वाचून काही कळत नाही. म्हणून यादीचे छोटे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचा पहिला पत्ता पूर्ण लिहितात. उडी तुकड्यावर मारायची, तुकड्याच्या आत बेरीज करत चालायचं.

नवी नोंद आली की तिच्यातल्या प्रत्येक शब्दाचं खातं उघडावं लागतं. हे महाग पडतं, म्हणून जिन सूची नव्या नोंदी आधी एका कच्च्या यादीत टाकते आणि नंतर एकदम मूळ खात्यांत चढवते. दुकानदारही दिवसभर कच्च्या वहीत लिहून दिवाबत्तीनंतर पक्कं करतो.

इतकं सगळं झाल्यावर मूळ प्रश्न उरतोच, शब्द म्हणजे काय? खातं कोणत्या नावाने उघडायचं?

इथे मराठीवर अन्याय होतो. मोबाइलच्या असंख्य ॲपमध्ये असलेल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा नेहमीचा शब्द-तोड्या अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आपल्या काना, मात्रा, वेलांट्या 'अक्षर' या वर्गात नाहीत, 'चिन्ह' या वर्गात आहेत. म्हणून सेटिंग न बदलता वापरला तर तो ऊकारापाशी शब्द तोडतो. 'पूर' चे दोन तुकडे, प आणि र. 'पार', 'पीर' आणि 'पोर' यांचेही तेच दोन तुकडे! पोस्टग्रेसच्या शब्द-तोड्यात अशा चिन्हांची वेगळी यादी आहे, त्यामुळे तिथे शब्द अखंड राहतो. मायएसक्यूएल या आणखी एका डेटाबेसच्या इनोडीबी नावाच्या रचनेत तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द आपोआप गाळले जातात. 'ऊस' हा दोन अक्षरांचा शब्द. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात कोणी 'ऊस' शोधला तर शून्य उत्तरं. सेटिंग बदलून सूची नव्याने बांधली की हे सुटतं, पण त्यासाठी कोणाला तरी आधी लक्षात यावं लागतं.

त्यानंतर येतं सामान्यरूप. इंग्रजीत शब्दाचं शेपूट कापून मूळ काढायचे नियम मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. पोस्टग्रेसमध्ये २०१९ पासून नेपाळी आणि तमिळसाठी, २०२१ पासून हिंदीसाठी असे नियम सोबत येतात. मराठीसाठी नाहीत. आणि मराठीत तर नुसतं शेपूट कापून भागत नाही. पूर, पुरात, पुरामुळे: प्रत्यय काढला की 'पुरा' उरतं, त्याचा आ काढायचा आणि मग उकार पुन्हा दीर्घ करायचा. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला यांचंही तसंच. पण 'शरीर' तत्सम, म्हणून 'शरीरात' दीर्घच राहतं. सातवीतल्या व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणे वाटणारे हे नियम इथे थेट कामाला येतात. शोधणाऱ्याचा शब्दही याच चाळणीतून जातो. नोंद आणि प्रश्न दोन्ही एकाच खात्यावर येऊन पोचले तरच भेट होते.

आलेल्या उत्तरांचा क्रम कसा लावायचा, यावर कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: जो शब्द थोड्याच नोंदींत आहे त्याला वजन जास्त. समजा आमच्या दहा हजार कात्रणांपैकी आठ हजारांत 'सोलापूर' आहे आणि चाळीसांत 'सीना'. एकूण कात्रणांना शब्द असलेल्या कात्रणांनी भागून त्याचा दोन पायाचा लॉगरिदम घेतला तर 'सोलापूर' चं वजन ०.३ आणि 'सीना' चं जवळपास ८. पुण्याच्या एखाद्या वाचनालयात हाच 'सोलापूर' शब्द भरपूर वजनाचा ठरेल. शब्दाचं वजन त्याच्या शेजारावर ठरतं.

म्हणूनच अंकशास्त्राच्या नादाने नावाच्या स्पेलिंगमध्ये जादा अक्षर घुसवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. अंकशास्त्रात कसलंही शास्त्र नाही, आणि वर नुकसान पक्कं: दुकानाच्या नावात एक फालतू 'ए' वाढवला की ते वेगळ्याच खात्यावर जातं आणि सरळ स्पेलिंग टाइप करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दुकान सापडत नाही. तशीच 'एआय सर्च' अशी चिठ्ठी लावून विकली जाणारी बिलिंगची सॉफ्टवेअर. अर्थावरून शोधणारं तंत्र खरं आहे आणि मला त्याचं कौतुक आहे. पण बिल नंबर किंवा नेमकं आडनाव शोधायला अर्थ कामाचा नाही, तिथे हीच जुनी खतावणी लागते. विकणाऱ्याला विचारा की तुमचा प्रोग्राम 'चादर' आणि 'चादरींचा' एकाच खात्यात टाकतो का. उत्तरावरून कळेल.

वाचनालयाचा प्रोग्राम मी पोस्टग्रेसवर नव्याने लिहिला, प्रत्यय काढण्याचे नियम हाताने घातले. 'पुरात' आता 'पूर' खाली येतं. पण पहिल्याच दिवशी 'पुरावा' आणि 'पुराण' हेही तिथे येऊन बसले, त्यांना अपवाद म्हणून बाहेर काढलं. 'महापूर' येत नव्हता, कारण तो स्वतंत्र शब्द. 'पूरग्रस्त' आणि 'पूररेषा' यांचंही तेच, आणि 'पूर'ने सुरू होणारं सगळं दे म्हटलं तर 'पूर्व', 'पूर्ण' आणि 'पूरक' पुन्हा दारात. शेवटी पुराच्या जोडशब्दांची यादी करायला ग्रंथपाल बाई बसल्या. त्यांनी टेबलावर एक वही ठेवली आहे. कोणी शोधलं आणि सापडलं नाही, की तो शब्द त्या वहीत लिहायचा. दर शनिवारी मी जातो आणि आम्ही दोघं मिळून एकेक शब्द सोडवतो.

या शनिवारचा शब्द 'ओढा' आहे. ओढ्याला पाणी येतं, मनाचा ओढा असतो, आणि दोरी ओढा असंही आपण म्हणतो.