स्पीकरची वायर हिरवी पडते तेव्हा

पारदर्शक आवरणाची स्पीकर वायर चार-पाच पावसाळे काढते आणि आतलं लालसर तांबं हिरवं दिसू लागतं. आवाज बिघडेल या धास्तीने माणूस दुकान गाठतो. तिथे सल्ला मिळतो, 'ऑक्सिजन-फ्री कॉपर घ्या, ती हिरवी पडत नाही.' पडते. नावातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतला नाही, तांबं ओतताना धातूच्या पोटात राहिलेला आहे. विजेच्या नेहमीच्या तांब्यात तो दहा लाखांत २०० ते ४०० भाग असतो, ऑक्सिजन-फ्रीमध्ये १०च्या आत. वाहकतेतला फरक फार तर एक टक्का. हवा आणि ओल मात्र दोन्ही तारांना सारखीच खाते.

तांब्यावर आधी लालसर, मग काळपट ऑक्साइड चढतं. घासलेलं ताम्हण काही दिवसांत निस्तेज होतं ते यामुळे. हा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकतो, म्हणून पुढची झीज मंदावते. हिरवा रंग आला, की समजावं ऑक्सिजनला साथीदार मिळाला: इथे बहुधा क्लोरीन किंवा एखादं सेंद्रिय आम्ल. वायरीत दोन्ही हाताशी असतात. आवरण पीव्हीसीचं, आणि शुद्ध पीव्हीसीचं निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचं. ऊन आणि उष्णता लागून ते जुनं होतं, तसं त्यातून थोडं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. आवरण मऊ राहावं म्हणून घातलेली तेलकट रसायनं ओलीत विघटित होतात, त्यांची आम्लं तांब्याशी मिळून हिरवे क्षार बनतात. जुनी वायर सोलताना बोटांना लागणारा चिकट थर बहुधा त्यांचाच.

किनाऱ्यावर, मुंबईपासून गोव्यापर्यंत, यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरू लागतं. कापलेल्या टोकातून ते पाणी तंतूंच्या फटींमधून आत चढतं, वातीत तेल चढावं तसं.

क्लोरीनची खरी करामत यापुढे. आम्ल, ऑक्सिजन आणि तांबं मिळून आधी फिकट क्युप्रस क्लोराइड बनतं. त्याचे ४ रेणू, ऑक्सिजनचा १ आणि पाण्याचे ४ एकत्र आले, की हिरव्या बेसिक कॉपर क्लोराइडचे २ रेणू तयार होतात आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे २ रेणू मोकळे सुटतात. हे आम्ल ताज्या तांब्यावर जाऊन पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनवतं. म्हणजे दर फेरीत ४ क्लोरीन अणूंपैकी २ कामावर परत! संग्रहालयांतल्या प्राचीन कांस्यमूर्ती हेच चक्र पोखरतं. जतन करणारे त्याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात आणि मूर्ती कोरड्या हवेत ठेवतात, कारण पाणी काढून घेतलं की चक्र अडतं. वायरीची टोकं चिंच-मिठाने घासू नयेत तेही याच कारणाने. भांडं आपण नंतर खळखळून धुतो, पण तंतूंत शिरलेलं मीठ आणि आम्ल तिथेच राहतं.

आता आवाजाचं. दीड चौरस मिलिमीटर छेदाची वायर ०.२ मिलिमीटर जाडीच्या ४८ तंतूंची असते असं धरू. प्रत्येक तंतू सगळीकडून १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, खाल्ला गेला, तर तांबं २ टक्के घटतं. १० मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.२३ ओहम असतो, तो ०.२३५ होईल. कानाला हे कळणार नाही. क्युप्रस ऑक्साइड अर्धवाहक आहे आणि त्याचे रेक्टिफायर, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, बनत असत, हे खरं. त्यावरून 'तंतूंमध्ये डायोड (तसाच एकदिशा भाग) तयार होऊन आवाज फाटतो' असं सांगतात. पण शेजारशेजारच्या तंतूंचं विभव (व्होल्टेज) त्या जागी सारखंच असतं. एकातून दुसऱ्यात जायला प्रवाहाला कारणच नाही.

टोकाला मात्र प्रवाहाला तांब्यातून स्क्रूच्या धातूत जावंच लागतं. दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवर. तिथे थर चढला किंवा स्क्रू सैल झाला, की रोध वाढतो आणि हलतो. खरखर येते, एका बाजूच्या स्पीकरचा आवाज दबतो.

त्यामुळे नवी वायर जाडी आणि लांबीवर निवडावी. जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांत राहिला पाहिजे. स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो, म्हणून वायरीचा रोध जास्त झाला तर आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा पोतही बदलतो. दीडची वायर ८ ओहमला सुमारे १७ मीटर आणि ४ ओहमला ८ मीटर चालते. अडीचची २९ आणि १४. सीसीए म्हणजे तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध सुमारे दीडपट. ब्लेडने तंतू खरवडून बघा: वर लाल, आत पांढरा असेल तर सीसीए. वर पांढरा, आत लाल असेल तर कथिलाचा मुलामा, म्हणजे आपली कल्हईच. समुद्राजवळच्या घरात तीच घ्यावी. वायरीवरच्या दिशादर्शक बाणांना मात्र पैसे मोजू नयेत. आवाजाचा प्रवाह सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलतो.

जुनी वायर पुरेशी जाड असेल तर फेकू नका. ॲम्प्लिफायर बंद करा, प्लग काढा. चकचकीत तांबं लागेपर्यंत, साधारण ५ ते १० सेंटिमीटर, टोक कापा. सगळीकडे हिरवीच निघाली, तर सोललेल्या टोकाचे तंतू बारीक पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. १० मिलिमीटर सोला, पीळ द्या, पिन-थिंबल (टोकावर बसणारी धातूची नळी) क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, आणि आवरणाच्या तोंडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवा. सोल्डर लावून टोक स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पकड जाते. एकही तंतू शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये.

जोडण्याआधी स्पीकरच्या बाजूची दोन टोकं एकमेकांना जोडा आणि ॲम्प्लिफायरकडच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. मीटरच्या प्रोबचाच (टोकदार तारांचाच) रोध ०.१ ते ०.३ ओहम असू शकतो. प्रोब एकमेकांना टेकवून तो आधी मोजा, वजा करा. १० मीटर दीडच्या वायरीला ०.२३च्या आसपास आकडा यायला हवा. ओहमभर आला किंवा वायर हलवली की नाचू लागला, तर टोक पुन्हा कापा.